मालुबाईची भूक

जांबोटीपासून दोन कोसांवरच्या त्या वाडीत मालुबाई पहिल्यांदा गाजली ती खाण्यामुळं. एकोणीसशे सव्वीस सालच्या वैशाखात ती कोगनोळीहून सून होऊन आली. तिचा मामा लोंढ्याला रेल्वेच्या फाटकावर होता, त्यानं हे स्थळ जमवलं. मामानं घर पाहिलं, जमीन पाहिली, गोठ्यातल्या म्हशी पाहिल्या. इथला पाऊस तेवढा त्याला कुणी दाखवला नाही. कोगनोळीकडं जोंधळा पिकतो, तंबाखू पिकतो, माणसं कोरड्यात उठतात आणि कोरड्यात निजतात. इकडं चार महिने आभाळ घरात येऊन बसतं, आणि पानात भात, पेज, फार तर नाचणीची भाकरी. मालुबाई उंच, रुंद हाडाची. भातानं तिचं पोट भरेना. दुसऱ्याच दिवशी तिनं तिसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा सासू नागुबाईनं पळी तशीच हवेत धरली आणि जमलेल्या बायकांकडं बघितलं.

"रेडकू आनलंय गं आमी," नागुबाई म्हणाली. "दावं तेवढं आनायचं ऱ्हायलंय."

बायका हसल्या. शेजारच्या घरात तीन आठवड्यांपूर्वी सून होऊन आलेली राजाबाईही हसली. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. पण नव्या नवरीनं सगळ्या हसतात तेव्हा हसावं, एवढी अक्कल ती माहेराहून घेऊन आली होती. मालुबाईनं मान खाली घालून पानातला भात संपवला आणि पुन्हा कधी तिसऱ्यांदा मागितला नाही.

या दोघींची मैत्री जमली ती परसातल्या कुडामुळं. दोन्ही घरांच्या मध्ये बांबूचा एक कूड, त्याला खाली कुत्रं जाईल एवढं भोक. सासवा निजल्या की राजाबाई त्या भोकातून भाकरीचा तुकडा सरकवायची आणि मालुबाई तो उभ्या उभ्या खायची. ओढ्यावर दोघी, लाकडाला दोघी, रोप लावायला एका ओळीत दोघी. मालुबाईला खदखदून हसता यायचं. राजाबाईच्या सासूची चाल ती अशी करून दाखवायची की राजाबाईला धुणं सोडून पोट धरून बसावं लागे.

पुढं राजाबाईला मुलं झाली. एक, दोन, करत करत पाच. मालुबाईला नऊ वर्षांत एकही नाही. आता नागुबाई काही गप्प बसणारी बाई नव्हती. तिनं कारण शोधून काढलं, आणि ते कारण गोठ्यात सापडलं. तिची एक म्हैस खाऊन खाऊन माजली होती आणि काही केल्या गाभण राहत नव्हती. जाणत्या गुराख्यानं सांगितलं, हिची वैरण तोडा, चरबी झडली की राहील. वैरण तोडली आणि म्हैस खरंच राहिली. झालं. नागुबाईला शास्त्र मिळालं.

"मास चढलंय हिच्या पिशवीवर," ती ओढ्यावर चारचौघींत सांगू लागली. "बी रुजायचं कुठनं? आनी दोन दिवाळ्या बघनार. मग भरमूचं दुसरं लगीन. पोरगी बघून ठेवलीया मी खानापूरला."

भरमू म्हणजे मालुबाईचा नवरा. लोक त्याला स्वभावानं गरीब म्हणत. गरीब म्हणजे आईपुढं तोंड न उघडणारा, बायकोपुढं उघडायचा. दुसऱ्या लग्नाचं ऐकून तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. गालातल्या गालात हसला, असं राजाबाईचा नवरा रवळू सांगायचा.

दोन दिवाळ्या. मालुबाईनं तेव्हापासून वैरण तोडली.

आधी रात्रीचं जेवण गेलं. मग भात गेला. मग आमटी. नागुबाई खूश झाली, "आता कशी शानी झाली," म्हणाली. एवढ्या वर्षांत सुनेला मिळालेला तो पहिला चांगला शब्द, आणि तो न खाण्याबद्दल मिळाला. कुडाच्या भोकातून सरकवलेली भाकरी सकाळी तिथंच पडलेली दिसू लागली, मुंग्या लागलेली. राजाबाईला पहिल्यांदा राग आला. अन्न टाकते म्हणजे काय? मग तिला भीती वाटू लागली.

त्या आषाढात रोप लावताना तिनं नीट लक्ष ठेवलं. दुपारी बायका बांधावर इरली डोक्यावर घेऊन जेवायला बसल्या. मालुबाईनं भाकरीचे तुकडे केले, बोटांनी आमटीत फिरवले, तोंड हलवलं, गप्पा मारल्या, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. आणि तुकडे एकेक करून मागं चरणाऱ्या बैलाच्या तोंडात गेले. एक तुकडा मात्र राजाबाईनं "माझ्यासमोर खा" म्हणून खायला लावला. मालुबाईनं तो खाल्ला, "परसाकडं जाऊन येते" म्हणाली आणि करवंदीच्या जाळीआड गेली. राजाबाई मागून गेली. मालुबाई वाकून, घशात दोन बोटं घालून तो तुकडा बाहेर काढत होती. काढून झाल्यावर तिनं तोंड पुसलं, बांधाची तांबडी माती नखानं खरवडली आणि ती जिभेवर ठेवून डोळे मिटले. माहेरी जेवताना पहिल्या घासाला ती असंच तोंड करीत असेल, असं राजाबाईला वाटून गेलं.

"काय करतीस गं ह्ये, माले?"

"काय न्हाय. पित्त झालंय."

हाताच्या बांगड्या कोपराच्या वर चढल्या होत्या. राजाबाईनं त्या पाहिल्या. ही मरणार, असं तिला त्या क्षणी स्वच्छ वाटलं.

वाडीत असल्या दुखण्याला नाव नव्हतं. ताप असता तर काढा होता, विंचू चावला तर मंत्र होता, अंगात आलं तर देव होता. घरात अन्न असून न खाणाऱ्या बाईचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन रात्री तळमळून राजाबाईनं ठरवलं, नागुबाईलाच सांगायचं. कितीही झालं तरी सासू आहे, खानापूरला नेऊन डॉक्टरला दाखवील. ती गेली. नागुबाई पडवीत तांदूळ पाखडत होती.

"काकी," राजाबाई म्हणाली, "मालूच्या पोटात अन्न ठरत न्हाय. ओकती. माती खाती. मी डोळ्यांनी बघितलंय."

नागुबाईचं सूप थांबलं. "माती खाती?"

"व्हय."

"आनि बाहेर कधी बसलीवती?"

त्या घरात महिन्याचे तीन दिवस सून गोठ्याकडच्या पडवीत बसायची, सगळ्या गल्लीला दिसायची. राजाबाईनं आठवून पाहिलं. खरंच, वैशाखापासून मालुबाई पडवीत दिसली नव्हती. "दोन महिनं झालं, बसली न्हाय," ती म्हणाली. खोटं बोलण्याचं कारणच नव्हतं.

नागुबाई सूप टाकून उठली. ती आत गेली आणि गुळाचा एवढा मोठा खडा घेऊन आली. राजाबाई "तसं न्हाय काकी" म्हणायला तोंड उघडते तोच तो खडा तिच्या तोंडात गेला.

"तुझ्या तोंडात गूळ पडू दे गं बाई. नऊ वर्सांनी म्हस राह्यली माझी."

तोंडभर गूळ असताना माणसाला बोलता येत नाही हे खरं आहे. पण गूळ विरघळतो. विरघळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात नागुबाई गल्लीत पोचली होती, भरमूला शेतातून हाक गेली होती, आणि राजाबाई पडवीत उभी राहून गोड थुंकी गिळत होती. तिनं त्या दिवशी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उलट, खरंच असेल की काय, असं तिनं स्वतःला चार दिवस समजावलं.

पाचव्या दिवशी ओढ्यावर मालुबाईनं अंगावर पाणी घेतलं आणि ओलं लुगडं अंगाला चिकटलं. पाच बाळंतपणं झालेल्या बाईला पोटुशी बाई पाठमोरी ओळखता येते. मालुबाईच्या पाठीचे मणके दिसत होते, छाती आटून गेली होती. हिचं बाहेर बसणं थांबलं ते पोटात मूल आहे म्हणून नव्हे. अंगात रक्तच उरलं नाही म्हणून. राजाबाईला ते सगळं एका नजरेत कळलं. तरी ती गप्प बसली, आणि का गप्प बसली ते सांगायला हवं. एक, सांगितलं तर खानापूरची पोरगी येणार. दुसरं, मालुबाई त्या दिवसांत जमिनीवर चालत नव्हती, इतकी आनंदात होती. आणि तिसरं, सुवार्ता आणणारी म्हणून नागुबाई आता राजाबाईला बसायला पाट देत होती, जाताना ताकाचा तांब्या देत होती, गल्लीत नाव काढत होती. हे तिसरं कारण राजाबाईनं पुढं कुणालाच सांगितलं नाही.

घरानं मालुबाईला खाऊ घालायला सुरुवात केली. ज्या घरानं नऊ वर्षं तिचे घास पाहिले ते आता तिच्या तोंडाशी ताट धरू लागलं. शिरा झाला, खोबऱ्याच्या वड्या झाल्या, गोव्याहून आलेला बांगडा झाला. नागुबाई समोर बसून शेवटचा घास जाईपर्यंत हलायची नाही. मालुबाई खायची, हसायची, आणि परसात जाऊन सगळं बाहेर काढायची. गुळाचा तर तिला वासही सोसेना. "डोहाळं कडक हाईत," नागुबाई कौतुकानं सांगायची. "म्हंजे पोरगाच."

पाचव्या महिन्यात हिरवी चोळी करायचं ठरलं, तेव्हा मात्र राजाबाईला राहवेना. तिनं मालुबाईला लाकडाच्या निमित्तानं एकटं गाठलं.

"माले, तुला दिवस न्हाईत गं."

मालुबाई हसली. मग तिनं राजाबाईचं तोंड पाहिलं आणि हसू गेलं.

"तुझ्या पोटात काय बी न्हाय. तू उपाशी हाईस म्हणून बाहेर बसत न्हाईस. खा गं. मी सांगती काकीला, डाक्टरकडं जाऊ..."

"पाच हाईत तुला," मालुबाई म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "मला एक बी नगं व्हय, राजे?"

"तसं न्हाय गं..."

"माझं तेवढं एक बी तुला बघवंना."

मालुबाई मोळी तिथंच टाकून घरी गेली आणि सासूला सगळं सांगितलं. संध्याकाळी नागुबाईनं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात राजाबाईचं नाव घेऊन दृष्ट काढली. कुडाचं भोक दगड लावून बुजवलं. पाट गेला, ताकाचा तांब्या गेला. रवळूनं बायकोच्या थोबाडीत दिली, "दुसऱ्याच्या घरात नाक खुपसतीस," म्हणाला. चोळीच्या दिवशी राजाबाई आपल्या चुलीपुढं बसून पलीकडची गाणी ऐकत राहिली.

त्यानंतर कितीतरी महिने दोघी बोलल्या नाहीत. राजाबाई लांबून बघायची. मालुबाईचे पाय सुजले, पोट पुढं आलं, तोंड कवटीसारखं झालं. लोक म्हणायचे, पोर सगळं ओढून घेतंय. नववा महिना गेला. दहावा गेला. अकराव्यात नागुबाईनं जांबोटीहून सुईण आणली. सुईण म्हातारी, हाताची जड, तोंडाची त्याहून जड. तिनं पोटावर दोनदा हात दाबला आणि उठून हात धुतले.

"हितं काय बी न्हाय," ती म्हणाली. "पानी भरलंय नुसतं. ही बाई उपाशी हाय. खायला घालत न्हाय काय तुमी?"

हा प्रश्न सगळ्या गल्लीनं ऐकला, आणि नागुबाईला तोच झोंबला. मूल नाही याचं दुःख तिनं पचवलं असतं. सुनेला उपाशी ठेवते हा डाग तिला पचण्यातला नव्हता. तिनं मालुबाईला केसाला धरून अंगणात आणलं. ढोंगी, सोंगाडी, साऱ्या जगात तोंड काळं केलं. हिरवी चोळी अंगातून काढून घेतली, अंगणातच. मालुबाई सुजल्या पायांवर दोन्ही हातांनी छाती झाकून उभी होती आणि पोटाकडं बघत होती. राजाबाई आपल्या दारात उभी होती. "मी सांगितलं ते काळजीपोटी सांगितलं, अर्थ तुमी लावलासा," एवढं एक वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ते बोलली असती तर निदान ढोंगाचा आळ गेला असता. पण रवळू मागं उभा होता. तिनं दार लावून घेतलं.

महिन्याभरात खानापूरची शालू सवत म्हणून आली. सोळा वर्षांची, गोल चेहऱ्याची, भाताची सवय असलेली. मालुबाईची वळकटी गोठ्याकडच्या पडवीत गेली. आता तिथं ती बाराही महिने बसायची. तिचं पान वाढणं बंद झालं. "खातच न्हाय, तर वाढायचं कशाला," असं नागुबाई म्हणायची, आणि त्यावर कुणाला काय बोलता येणार? उलट पाहुण्यांना ती कौतुकानं सांगायची, आमची थोरली एका घोट पाण्यावर दिवस काढते, काडीचा खर्च नाही.

एके दुपारी सगळे शेतात असताना राजाबाईनं कुडातला दगड काढला, भोक हातानं मोठं केलं आणि पेजेचं भांडं घेऊन सरपटत पलीकडं गेली. मालुबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं राजाबाईला पाहिलं आणि सरकून जागा दिली. भांडण झालंच नव्हतं जणू.

"दोन घोट घे," राजाबाई म्हणाली. "माझी शपथ."

"जात न्हाय गं."

"आता कुनासाठी सोडलंयस? झालं की सगळं."

मालुबाईनं पेजेचं भांडं बोटानं परत सरकवलं. मग म्हणाली, "पयल्यांदा पोरासाठीच सोडलं, राजे. मग बरं वाटाय लागलं. हलकं. ह्या घरात उठ म्हनलं की उठायचं, बस म्हनलं की बसायचं. पर घास गिळायचा का न्हाय, त्ये माझं मी ठरवायची. तेवढंच हुतं माझं. आता गिळावं वाटलं तरी गिळवत न्हाय."

"मला मोळीच्या दिवशीच सांगायचं हुतंस."

"त्या दिवशी मला खरं वाटत हुतं. लाथा मारतंय असं वाटायचं." ती स्वतःशीच हसली. "वारा असंल."

राजाबाई तिचा हात धरून रडली. मालुबाई रडली नाही, अंगात पाणी नव्हतं म्हणून की काय. भांडं तसंच परत आलं. भोकातून बाहेर पडताना राजाबाईनं मागं पाहिलं, तर मालुबाई पडवीच्या भिंतीची माती नखानं खरवडत होती.

शालूला श्रावणात ओकाऱ्या सुरू झाल्या. या खेपेला नागुबाईनं आधी सुईण आणली आणि मग गूळ वाटला. मालुबाई आश्विनात गेली. अठ्ठावीस वर्षांची होती. तिरडी उचलताना भरमू म्हणाला, "हलकी हाय." तेवढंच बोलला.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला सगळी वाडी मलप्रभेच्या काठावर गेली. राख नदीत सोडून झाली आणि केळीच्या पानावर नैवेद्य मांडला. भात, वडे, खीर, बांगडा, खास कोगनोळीकडून मागवलेल्या जोंधळ्याची भाकरी. जिवंतपणी एवढं पान तिच्यासमोर एकदाच आलं होतं, तेही पोटातल्या वाऱ्यासाठी. माणसं लांब जाऊन उभी राहिली. जांभळीवर चार कावळे बसले होते. एकही खाली येईना.

ऊन चढलं. भरमूनं हात जोडले, "तुझी बोरमाळ शालूला घालनार न्हाय," म्हणाला. कावळे हलले नाहीत. "वर्साला गोडधोड घालीन." नाहीत. मामा लोंढ्याहून आला होता, त्यानं चुकलंमाकलं माफ कर म्हटलं. कावळा शिवल्याशिवाय घरी जेवता येत नाही, आणि माणसं सकाळपासून उपाशी होती. पोरं रडायला लागली. म्हातारी माणसं खाली बसली.

"जित्तेपनी स्वता खाल्लं न्हाय," नागुबाई चिडून म्हणाली, "आता आमाला खाऊ देईना."

कुणीतरी म्हणालं, तिच्या आवडीचं काही राहिलं असेल. सगळे एकमेकांकडं बघू लागले. दहा वर्षं एका घरात राहून सासूला ते ठाऊक नव्हतं, नवऱ्याला नव्हतं. मग नागुबाईची नजर बायकांत मागं उभ्या असलेल्या राजाबाईवर गेली. दृष्ट काढल्यापासून तिनं राजाबाईला हाक मारली नव्हती.

"तू सांग गं राजाबाई. मैतरीन तुझी. काय आवडायचं तिला?"

राजाबाईला आठवलं. डोळे मिटून, जिभेवर ठेवून चाखलेली एकच गोष्ट तिला आठवली, आणि ती गोष्ट पायाखालीच होती, तांबडी, मऊ, हवी तेवढी. चिमूटभर उचलून पानावर ठेवायची, आणि सगळ्या वाडीसमोर सांगायचं, ही खायची ती, तुमच्या घरात. नागुबाई वाट बघत होती. भरमू बघत होता. रवळू बघत होता.

"गूळ," राजाबाई म्हणाली.

नागुबाईच्या टोपलीत गूळपाण्यासाठी आणलेली अर्धी ढेप होती. तिनं त्यातला खडा फोडून पानावर ठेवला आणि सगळे मागं सरले. कावळ्यांनाही सकाळपासून भूक लागली असेल, नाहीतर माणसं या खेपेला जरा जास्त लांब गेली असतील. एक कावळा उतरला, दोन उड्या मारून पानाजवळ आला आणि गुळाचा खडा उचलून उडाला.

"बगा," नागुबाई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "गुळात जीव अडाकला हुता. बोलली बी न्हाय कवा." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आत्मा शांत झाला असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं आणि वाडी भराभर घराकडं निघाली.

नागुबाईच्या दारात पाय धुऊन पंगत बसली. राजाबाई आपल्या घराकडं वळणार तोच नागुबाईनं तिला हाताला धरून आत घेतलं, पाट दिला आणि उरलेल्या ढेपेतला एक खडा तिच्या तळहातावर ठेवला.

"तुलाच कळायचं गं तिचं," ती म्हणाली. "पयल्यापासनं."

राजाबाईनं खडा तोंडात टाकला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. गूळ गोड होता. नंतर तिनं दोनदा भात मागून घेतला.